नव्या डिझेल इंजिनाचं मॉडेल: बुकिंगपासून कपाटापर्यंत

रेल्वेच्या नव्या डिझेल इंजिनाच्या छोट्या, रुळावर चालणाऱ्या मॉडेलची घोषणा होते, तेव्हा ते मॉडेल बहुधा अजून बनलेलंच नसतं. दिसतं ते संगणकावरचं कॅड चित्र, त्यावर चढवलेला शेडचा, म्हणजे खऱ्या इंजिनाच्या मुक्कामाच्या आगाराचा, रंग आणि क्रमांक. तिथून खोका आपल्या घरी पोचेपर्यंत दीड-दोन वर्षं सहज जातात. एवढ्या काळासाठी पैसे अडकवायचे तर समोर आलेली घोषणा कोणत्या टप्प्यावरची आहे, हे आधी ओळखता आलं पाहिजे.

टप्पे ठरलेले आहेत: कॅड, मग पोलादी साचा, मग साच्यातून निघालेला बिनरंगी पहिला नमुना, मग रंगवलेला नमुना, मग उत्पादन. चूक दाखवायची खरी वेळ कॅडच्या टप्प्यावर असते, कारण तिथे सगळंच बदलता येतं. साचा कापला गेला की गणित उलटं होतं. साच्यातलं पोलाद खरवडलं की प्लास्टिकच्या भागावर तेवढी भर पडते. म्हणजे राहून गेलेला रिव्हेट नंतर आणणं सोपं असतं. पण जास्तीचा रिव्हेट काढायचा किंवा जाड झालेली कड बारीक करायची, तर साच्यात धातू भरून पुन्हा घासावं लागतं, आणि ते खर्चाचं काम आहे. म्हणून बिनरंगी नमुन्यात काही कमी दिसत असेल तर उत्पादकाला जरूर लिहावं, ते दुरुस्त व्हायची शक्यता बरी असते. कॅबची खिडकीच मोठी आली असेल किंवा हूडची (कॅबच्या पुढच्या-मागच्या खोक्याची) उंची चुकली असेल, तर ती तशीच राहणार असं धरून निर्णय घ्यावा.

आमचं मत स्पष्ट आहे. मोठ्या कंपनीचं मॉडेल असेल आणि बुकिंगला पैसे लागत नसतील, तर कॅड बघून नाव नोंदवायला हरकत नाही. पैसे आगाऊ मागत असतील तर निदान बिनरंगी नमुन्याचे फोटो येईपर्यंत थांबावं. आपल्याकडच्या छोट्या उत्पादकांची गोष्ट वेगळी असते, ते थोडेच नग काढतात आणि आगाऊ रकमेवरच काम सुरू करतात. तिथे पाव रकमेपर्यंत अनामत ठीक आहे. पूर्ण रक्कम मात्र चालत्या नमुन्याचा व्हिडिओ बघितल्यावरच द्यावी.

यानंतरचा प्रश्न मापाचा, आणि भारतीय इंजिनांच्या बाबतीत तो जरा किचकट आहे. एचओ स्केल म्हणजे १:८७, खऱ्याच्या ८७ पट लहान, आणि त्याचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंद. १६.५ ला ८७ ने गुणलं की १४३५ मिलिमीटरचं स्टँडर्ड गेज येतं. मुंबई मेट्रोला ते चपखल बसतं, पण आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. एचओमध्ये त्याला १९.३ मिलिमीटरचा रूळ लागेल. तसा रूळ बाजारात तयार मिळत नाही, त्यामुळे भारतीय इंजिनांची बहुतेक मॉडेलं १६.५ वरच उभी केलेली असतात. समोरून बघितलं की चाकं जरा आत ओढल्यासारखी दिसतात. ही तडजोड आहे, दोष नाही. पण ती माहीत असूनच घ्यावी. ब्रिटिश ओओ स्केल १:७६ चं असून रूळ तोच १६.५ चा, म्हणजे तिथे फरक आणखी वाढतो. माथेरानचं ६१० मिलिमीटरचं गेज एचओमध्ये बरोबर ७ मिलिमीटर होतं, आणि मॉडेलं बहुधा ९ मिलिमीटरच्या तयार रुळावर बसवतात. तिथे उलट चाकं फाकलेली दिसतात.

जाहिरातीत नुसतं ‘एचओ’ लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नये, लांबी मागून घ्यावी. आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाची बफरपासून बफरपर्यंतची लांबी १७.१२ मीटर. एचओमध्ये ती १९७ मिलिमीटर व्हायला हवी, ओओमध्ये २२५ आणि १:१६० च्या एन स्केलमध्ये १०७. चाकाचा व्यास १०९२ मिलिमीटर, म्हणजे एचओमध्ये साडेबारा. लांबी २१०-२१५ आली तर समजावं की दुसऱ्याच इंजिनाच्या तयार चासीवर बॉडी ताणून बसवली आहे. हा प्रकार बराच चालतो, कारण मोटर-गिअरसह तयार चासी घेणं स्वस्त पडतं. ताणलेली बॉडी एकटी बघताना कळत नाही, पण शेजारी बरोबर मापाचं इंजिन ठेवलं की लगेच डोळ्यांत खुपते.

वर्ग, क्रमांक, शेड, रंग आणि काळ या पाच गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. संग्राहकाची खरी मेहनत इथे आहे. डब्ल्यूडीएम-२ हे अमेरिकेतल्या अल्को कंपनीचं २६०० अश्वशक्तीचं इंजिन. १९६२ मध्ये आलं आणि १९६४ पासून वाराणसीच्या डिझेल कारखान्यात बनू लागलं. मूळ इंजिनांना व्हॅक्यूम ब्रेक होते. नंतर एअर ब्रेक बसवले त्यांना डब्ल्यूडीएम-२ए म्हणतात, आणि कारखान्यातूनच एअर ब्रेक घेऊन आली ती २बी. म्हणजे मॉडेलवर ‘२ए’ लिहिलंय आणि बफर बीमवर व्हॅक्यूमचा एकच जाड पाइप लोंबतोय, असं दिसलं तर बारकावे नीट बघितलेले नाहीत हे उघड आहे. काही इंजिनांच्या छोट्या हूडकडच्या खिडक्या मोठ्या होत्या, रेल्वेप्रेमी त्यांना ‘जम्बो’ म्हणतात. जम्बोचा क्रमांक साध्या बॉडीवर टाकलेलाही आढळतो. ३१०० अश्वशक्तीच्या डब्ल्यूडीएम-३ए मध्ये जुन्या २ मधून पुनर्बांधणी झालेलीही पुष्कळ आहेत, त्यांच्या क्रमांकाच्या शेवटी ‘आर’ असतो. डब्ल्यूडीएम-३डी चे क्रमांक ११ हजारांच्या मालिकेत, डब्ल्यूडीजी-४ चे १२ हजारांच्या, डब्ल्यूडीपी-४डी चे ४० हजारांच्या. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या चुका घोषणेच्या चित्रातच सापडतात.

बोगीकडे, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटीकडे, जरूर बघावं. डब्ल्यूडीएम-२ ची अल्को ट्रायमाउंट बोगी असमान अंतरांची असते, तिचा मधला आस (चाकांच्या जोडीचा दांडा) नेमका मध्यावर नसतो. डब्ल्यूडीजी-३ए आणि डब्ल्यूडीएम-३डी ला हाय-अ‍ॅडहिजन बोगी, दिसायलाच वेगळी. डब्ल्यूडीपी-४ ला तर सहा आसांपैकी चारच चालते असतात, प्रत्येक बोगीत एका आसाला मोटर नसते. एकाच चासीवर चार वर्गांच्या बॉड्या विकणारा उत्पादक यातलं काहीतरी गाळतोच. बोगीच्या बाजूचा साचा तरी निराळा दिला आहे का, ते विचारावं. आसांचं अंतर चुकलेलं एकवेळ चालवून घेता येईल, पण बाजूचा साचाच दुसऱ्या बोगीचा असेल तर ते इंजिन त्या वर्गाचं वाटतच नाही.

रंगाची खात्री फोटोवरूनच करावी, आणि फोटोवर तारीख हवीच. इंजिन शेड बदलतं, ओव्हरहॉलहून परत येताना नव्या रंगात येतं. कल्याण शेडचं इंजिन परळ वर्कशॉपमधून बाहेर पडतानाचा रंग आणि तीन पावसाळे कोकणात काढल्यानंतरचा रंग यांत खूप अंतर असतं. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, त्याआधी रोह्याच्या पुढे डिझेलचंच राज्य होतं. त्यामुळे कल्याणच्या आणि पुण्याच्या इंजिनांचे फोटो मुंबईकरांकडे भरपूर आहेत, आणि उत्पादकाला असे फोटो पाठवले तर ते त्याला हवेच असतात. एकाच इंजिनाच्या दोन्ही बाजू, दोन्ही टोकं आणि जमल्यास पुलावरून छत, एवढं एका महिन्यातलं मिळालं तर त्याहून चांगला संदर्भ नाही.

भारतीय मॉडेलची वाट बघत बसण्यापेक्षा परदेशी भाऊबंद घेणं हाही चांगला मार्ग आहे. बाउझर कंपनी अल्कोच्या सी-६२८, सी-६३० या सहा आसांच्या इंजिनांची एचओ मॉडेलं काढते. त्या खऱ्या इंजिनांत अल्कोचं १६ सिलिंडरचं २५१ जातीचं इंजिन होतं, आपल्या डब्ल्यूडीएम-२ मध्येही तेच घराणं. ईएसयू आणि साउंडट्रॅक्स या दोन कंपन्यांच्या डिकोडरसाठी (मॉडेलच्या आत बसणाऱ्या, मोटर आणि आवाज सांभाळणाऱ्या छोट्या सर्किटसाठी) अल्को २५१ चे आवाज मिळतात, आणि तो थांबून थांबून चालणारा धडधडाट कर्जत-पुणे मार्गावर वाढलेल्या कोणालाही ओळखू येईल. ईएमडी या दुसऱ्या अमेरिकन इंजिन कंपनीच्या बाजूने काटो आणि अ‍ॅथर्नचं एसडी७०मॅक घेता येतं. आपलं डब्ल्यूडीजी-४ म्हणजे जीटी४६मॅक त्याच कुळातलं. मोठ्या कंपन्यांचे साचे टिकतात, नव्या क्रमांकांसह तीच मॉडेलं पुन्हा निघतात. त्यामुळे पहिली खेप हुकली तर जीव टाकू नये, उलट पहिल्या खेपेतले दोष दुसरीत दुरुस्त झालेले असतात. छोट्या खेपेच्या भारतीय मॉडेलचं तसं नाही, ते गेलं की गेलं.

विजेच्या बाबतीत घोषणेतला एक शब्द महत्त्वाचा: ‘डीसीसी रेडी’. डीसीसी म्हणजे रुळातून डिजिटल संदेश पाठवून इंजिन चालवायची पद्धत. ‘रेडी’ म्हणजे आत फक्त सॉकेट आहे, डिकोडर नाही. सॉकेट कोणतं ते बघावं. ८ पिनचं असेल तर दिव्यांसाठी वाटा कमी मिळतात. २१ पिन किंवा प्लक्स२२ असेल तर हेडलाइट, मार्कर, कॅबचा दिवा सगळं वेगवेगळं लावता येतं. एनमध्ये नेक्स्ट१८ असतं. स्पीकरची जागा आधीच केलेली आहे का, तेही विचारावं, नाहीतर नंतर वजनाचा तुकडा कापावा लागतो आणि ओढायची ताकद कमी होते. आणखी एक गोष्ट: अमेरिकन सेटबरोबर येणारा पॉवर पॅक १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टला तो थेट लावला तर जळतोच. लॅमिंग्टन रोडवरून चांगल्या दर्जाचा १५ व्होल्टचा एसएमपीएस पॉवर सप्लाय घ्यावा, पण तो कमांड स्टेशनच्या (डीसीसीचे संदेश पाठवणाऱ्या खोक्याच्या) मागे लावायचा असतो, थेट रुळाला नव्हे. तिथेच मिळणारे पंख्याच्या मोटरसाठीचे स्वस्त पल्स कंट्रोलर इंजिनाला लावू नयेत. कमी फ्रिक्वेन्सीच्या झटक्यांनी कोअरलेस मोटर तापते आणि साउंड डिकोडर गोंधळतो.

आता खर्च. परदेशातून मागवलेलं मॉडेल कस्टम्सच्या ९५०३ या शीर्षकात बसतं. खेळणी आणि लहान आकाराची करमणुकीची मॉडेलं, चालणारी असोत वा नसोत, दोन्ही तिथेच. त्यावरचं मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. शुल्क मॉडेलच्या किमतीवर नाही, किंमत अधिक वाहतूक अधिक विमा यांवर लागतं, आणि त्या सगळ्या बेरजेवर पुन्हा आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. दर १८ टक्के धरला तर १०० रुपयांचे २०० होतात, कुरिअरचा हाताळणी आकार वेगळा. म्हणून परदेशी घोषणेतली किंमत दुप्पट करूनच परवडतं का ते ठरवावं, आणि मागवताना त्या दिवशीचा दर तपासावा. दोन इंजिनं एकत्र मागवली तर वाहतूक वाचते, म्हणजे त्या वाहतुकीवरचं शुल्कही वाचतं.

कुरिअरने आलं तर केवायसीची कागदपत्रं लागतात, ती आधीच भरून ठेवावीत. पोस्टाने आलं तर बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्ट ऑफिसकडून बोलावणं येऊ शकतं. तेव्हा बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि मॉडेलच्या पानाची छापील प्रत जवळ हवी. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. संग्राहकांच्या मॉडेलच्या खोक्यावर बहुधा ‘१४ वर्षांवरील’ असं छापलेलं असतं. विक्रेत्याला सांगून बिलावरही ते लिहून घ्यावं. त्याने काम होईलच अशी हमी नाही, पण अधिकाऱ्याला समजावणं सोपं जातं. बिलात किंमत कमी दाखवायला कधीही सांगू नये. माल अडकतो, आणि वाटेत फुटला तर विमाही तेवढाच मिळतो.

खोका आला की सलग एका शॉटमध्ये व्हिडिओ घेत उघडावा. आधी फोममध्ये सुटे पडलेले कण शोधावेत: ब्रेकचे होज, वायपर, हँडरेलचे खुंट हेच आधी निखळतात. इंजिन उचलताना मधून, इंधनटाकीजवळ धरावं. बाजूच्या जाळ्या आणि कठडे हाताच्या दाबाने वाकतात. थ्रीडी प्रिंटरवर छापलेली रेझिनची बॉडी असेल तर ती काचेवर ठेवून बघावी, उष्णतेने लांब बॉडी केळ्यासारखी वाकते. बोट लावून चिकट वाटली तर रेझिन नीट पक्कं झालेलं नाही, परत पाठवावी. मग छपाई. पिवळ्या पट्ट्याखालचा पांढरा थर पातळ असला की निळा रंग वर डोकावतो. बारीक अक्षरं रिव्हेटवरून जाताना तुटतात. शेडचं नाव भिंगातून वाचावं.

चालवण्याची तपासणी मीटरभर सरळ रुळावर होते, मोठा लेआउट लागत नाही. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर एचओमध्ये सुमारे १४.४ मिलिमीटर हवं, मोजायच्या गेजपट्टीने सहाही जोड्या मोजाव्यात. एखादी जोडी आवळलेली असली तर ती सांध्यावर उडते आणि आपण रुळाला दोष देत बसतो. मग एका बोगीखाली कागदाची पट्टी सरकवून इंजिन चालवावं. चाललं तर दुसरी बोगी वीज घेते आहे. पट्टी बदलून उलट करावं. एका बाजूने अडलं तर बहुधा वायर सुटलेली असते किंवा पितळी पट्टी चाकाला टेकत नसते. साध्या डीसीवर (म्हणजे डीसीसी नसताना) साउंडचं इंजिन सात-आठ व्होल्टपर्यंत जागचं हलत नाही, नुसतं आवाज करतं. त्यात बिघाड काही नाही. डीसीसीवर पहिल्यांदा पत्ता ३ वरच चालवावं, बदल नंतर करावेत.

आवाज ऐकावा. चाकाच्या दर फेऱ्याला एकदा ‘टक्’ असं आलं तर आसावरचा प्लास्टिकचा गिअर चिरलेला आहे. जुन्या प्रोटो २००० मॉडेलांत हा दोष प्रसिद्ध होता. सलग घरघर असेल तर वर्मवरचं (मोटरकडच्या स्क्रूसारख्या गिअरवरचं) झाकण नीट बसलेलं नाही, ते दाबून बघावं. मल्टिमीटर लावला तर रिकाम्या रुळावर विद्युतप्रवाह पाव अँपिअरच्या आसपास असावा. अर्ध्याच्या वर गेला तर पुढे चालवू नये. सगळं ठीक असेल तर दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास मध्यम वेगाने रिकामं चालवावं, मगच डबे जोडावेत. परत करायची मुदत संपायच्या आत हे सगळं व्हायला हवं. खोका न उघडता कपाटात ठेवणाऱ्यांना चिरलेला गिअर पाच वर्षांनी कळतो, तोवर सुटे भाग संपलेले असतात.

तेल प्लास्टिकला चालणारंच घ्यावं, आणि तेही सुईच्या टोकावर मावेल एवढंच. गंजावरचा स्प्रे अजिबात नको. चाकं पुसायला प्रिन्सेस स्ट्रीटवर मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल कपड्यावर घ्यावं, इंजिनावर ओतू नये, छपाई उतरते.

मुंबईत मॉडेलचा खरा शत्रू म्हणजे हवा. जून ते सप्टेंबर आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर, आणि समुद्राजवळच्या घरात मिठाची भर. हवाबंद पॉलिप्रॉपिलिनचा डबा, आत नारिंगी सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. आकडा ४५ ते ५५ मध्ये ठेवावा. जेल हिरवं पडलं की १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं. खोक्यातला मऊ पॉलियुरेथेन फोम दमट हवेत चिकट होऊन रंगाला चिकटतो, त्याऐवजी पांढरा पॉलिएथिलिन फोम कापून घालावा. कपाटात डांबराच्या गोळ्या किंवा कापूर ठेवायची आपली सवय इथे महागात पडते, त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरिन मऊ पडतं. रबरी टायर असलेलं इंजिन महिनोन्‌महिने चाकांवर उभं ठेवू नये, आडवं ठेवावं. टायर सपाट झाला की इंजिन उड्या मारत चालतं.

दसऱ्याच्या सुमाराला हवा कोरडी व्हायला लागली की एकेक इंजिन बाहेर काढून चासी बघावी. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलेलं असेल तर ती चासी आतून फुगते, केसासारख्या भेगा पडतात, टोकं वर येतात आणि शेवटी बॉडीच चिरते. याला औषध नाही, कोरडं ठेवलं तर वेग कमी होतो एवढंच. स्टीलची पट्टी इंधनटाकीच्या तळाला लावून उजेडासमोर धरावी. पूर्वी नसलेली फट दिसली तर बॉडी लगेच उतरवून वेगळी ठेवावी आणि त्या साच्याची नवी चासी मिळते का ते शोधायला लागावं.